बाजू बदलताना

'तांबट' या बँडचा शेवटचा दौरा.
नऊ कार्यक्रम, चौऱ्याण्णवचा हिवाळा.
त्यांतले आठ माझ्याकडे आहेत,
चारकोपच्या घरात, फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात,
तळाशी तांदूळ, वर वर्तमानपत्र,
कारण इथल्या हवेत टेपला पांढरी बुरशी धरते
आणि बुरशीला संगीतातलं काही कळत नाही.

बडोद्याची कॅसेट बहिऱ्याने घेतल्यासारखी आहे.
पुण्याच्या कॅसेटवर गिटारपेक्षा मोठ्याने
एक मुलगा दुसऱ्याकडे मेसचे पैसे मागतोय.
सातव्या गाण्यापर्यंत ते मिळालेले नाहीत.
शिलाँगची म्हणजे प्रतीच्या प्रतीची प्रत,
तिच्यातले ड्रम ऐकताना वाटतं
शेजारच्या गच्चीवर कोणी गादी झोडपतंय.
नववी, नागपूरची, आहे म्हणतात.
म्हणणारा माणूस दर वर्षी बदलतो.

पण रंगभवनची.
रंगभवनची एर्विन परेराने घेतली,
उजवा हात खोट्या प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी,
झोळीत मेव्हण्याचा रेकॉर्डर,
मनगटापाशी बँडेजखाली हरभऱ्याएवढा माइक.
दारावरच्या हवालदाराने विचारलं, कुठे पडलास?
हा म्हणाला, प्रेमात.
गोष्ट त्याची आहे. मी फक्त सांभाळतो.

चांगलं रेकॉर्डिंग करणारा टाळी वाजवत नाही.
गात नाही. कुणी खांद्यावर चढलं तरी
नंदीसारखा बसून राहतो.
दोन तास सगळं रंगभवन उड्या मारतं
आणि मधोमध एक माणूस
श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेतो.
म्हणून कॅसेटवर सगळे असतात,
तो नसतो.

एर्विन गेला, त्यानंतरच्या मार्चमध्ये
मी ऑर्लेमला फिलोमिनाकडे गेलो.
सोबत प्लेअर, सोबत माझी वही:
बाजू अ, बाविसावं मिनिट, खोकला, बहुतेक एर्विन.
'बहुतेक'ला वीस वर्षं झाली होती.

ती बोंबील साफ करत होती. हात थांबवून ऐकलं.
म्हणाली, हा नाय. हा होशंग.
एर्विन आधी सॉरी म्हणायचा, मग खोकायचा.

मी खोडलं. लिहिलं, होशंग.

मग 'खाडीपार' सुरू झालं,
आवाज चढत चढत अगदी टोकाला गेला
आणि खट्.
बाजू संपली. मी कॅसेट उलटायला हात पुढे केला
तर म्हणाली, थांब.
त्याला किती वेळ लागला होता?

चौदा सेकंद. मला पाठ आहे.
मागच्या रांगेतून दुसऱ्या कोणी घेतलेली
चिखलासारखी एक कॅसेट आहे, तिच्याशी ताडून मोजलेत.
चौदा सेकंद, अंधारात, डाव्या हाताने, झोळीच्या आत.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
आम्ही दोघं बसलो.
खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
हां, म्हणाली, हा तो.
गॅसचा सिलिंडर बदलायलापण असाच.
मग माशाचे हात गाऊनला पुसून
कॅसेट तिनेच उलटली.

आता ओजस म्हात्रे नावाचा एक पोरगा आहे भाईंदरचा.
त्याने त्या चिखलातून चौदा सेकंद उचलून
एर्विनच्या कॅसेटमध्ये असे बसवलेत
की शिवण सापडत नाही.
काम पक्कं आहे, मी मानतो.
आयुष्यात पहिल्यांदा 'खाडीपार' सलग ऐकलं.
त्या चौदा सेकंदांत गाणारा, कळलं,
शब्द विसरला होता. नुसतं ना-ना-ना करत होता.

ओजस विचारतो, काका, मूळ कॅसेट
आता कशाला ठेवायची?

मी डब्यातले तांदूळ बदलतो.