गरम रक्ताची उजळणी

रात्रीचे साडेदहा. लॅबचा कोट खुर्चीला टांगून
सेहेचाळिसाव्या वर्षी मी पाठ करते आहे:
पेशी हे सजीवांचं रचनात्मक आणि कार्यात्मक एकक.
समोर ऋजुता, मांडीवर उशी, उशीवर गाईड.
मास्तरीण व्हायची तिला भारी हौस.

"तंतुकणिका?"
"पेशीचं ऊर्जाकेंद्र."
"आमच्या शाळेत तिला कणाभसूत्र म्हणतात."
"आणि पेपरात मायटोकॉन्ड्रिया म्हणणार."
डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूला घरात तीन नावं,
आणि पंख्याला एकच वेग, तोही त्याच्या मर्जीचा.

दांडिया बाजारात तेवीस वर्षं
मी लोकांचं रक्त ओळीनं लावते आहे,
जांभळं टोपण इकडे, लाल टोपण तिकडे.
तांबड्या पेशीत केंद्रक नसतं
हे मी भिंगाखाली कितीदा पाहिलं,
त्यालाच दोन मार्कांचा प्रश्न म्हणतात
हे ठाऊक नव्हतं.
नवे साहेब म्हणाले, हात चांगला आहे तुमचा, मनीषाबेन,
पण कागद लागतो.

परासरणाला ऋजू अडली, मी नाही.
कालच्या कैरीच्या फोडी मीठ लावून झाकल्यात,
बरणीचं झाकण काढून दाखवलं: बघ, सुटलं पाणी.
व्याख्येला चार ओळी लागतात,
कैरीला एक रात्र.
ती म्हणाली, "अर्धपार्य पटल लिहिलं नाहीस तर शून्य."
बरोबर आहे. लिहिलं.

मग दहा टक्क्यांचा नियम.
गवताकडे दहा हजार, नाकतोड्याकडे हजार,
बेडकाकडे शंभर, सापाकडे दहा.
बाकीचं जगण्यात खर्च होतं, उष्णता होऊन जातं.
मी वहीच्या कडेला पगार लिहिला.
त्याखाली भाडं, फी, सासऱ्यांचं इन्सुलिन, गॅस,
आणि सगळ्यात खाली माझ्या परीक्षेची फी,
सापाच्या जागी.
ऋजूनं ते खोडरबरानं पुसलं.
"हे सिलॅबसमध्ये नाही."

"मगर कुठल्या पातळीवर?"
गाईडात सिंह आहे, गरुड आहे.
आपली नदीतली मगर नाही.
मासा खाल्ला तर इथे, कुत्रं खाल्लं तर तिथे,
कामाठी बागेच्या मागे तरंगत आलेला नारळ
तिनं तोंडात धरला तर?
"नारळ उत्पादकाचा," ऋजू म्हणाली,
"पण सोडला कुणीतरी ग्राहकानं."
मी इतकी हसले की आतून सासरे खोकले.

बारा वाजता ती झोपली, गाईडावर गाल टेकून.
मी विघटक एकटीनेच वाचले.
जिवाणू, कवक. त्यांच्यावाचून चक्र पुरं होत नाही.
किती साधं वाक्य. तीनदा वाचलं,
आणि ओट्याखालच्या डब्यातली सालं
उद्या कुंडीत घालायची असं ठरवून
दिवा मालवला.

सकाळी रिक्षा काळ्या घोड्याच्या पुलावर अडकली.
कठड्याशी गर्दी, खाली गाळावर ती,
जबडा उघडा टाकून उन्हात पडलेली.
"भूखी लागे छे," रिक्षावाला म्हणाला.
"नाही भाऊ. अंग तापलं की अशीच तोंड उघडून पडते."
"रोज किती खात असेल?"
"रोज नाही खात. थंड रक्ताची आहे,
आठवड्यातून एकदा मिळालं तरी भागतं तिचं."
तो थोडा वेळ गप्प बसला. मग हॉर्न दाबून म्हणाला,
"आपडुं नथी चालतुं."

नाही चालत. आपलं गरम रक्त,
ते गरम ठेवण्यातच निम्मं जेवण जातं.
हे असंच्या असं मला लिहिता आलं असतं,
उदाहरणासहित, आकृती काढून.

फतेगंजच्या केंद्रावर पेपर हातात आला.
पहिला प्रश्न: पेशीची व्याख्या.
मगरीचा नव्हता.
शेवटची वीस मिनिटं उरली होती,
पुरवणीच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलीनं मी तिचा जबडा काढला,
उघडा,
आणि नावं दिली नाहीत.