दोन ते आठ

सातव्या लेव्हलला पोचायला तीन रात्री गेल्या.
बंदरात जहाज, जहाजाच्या पोटात
निळ्या उजेडाचं कपाट,
कपाटात बारा कुप्या.
एक फुटली की शहर खोकत खोकत रिकामं.

मी पिंपाआड.
पहारेकऱ्याची नजर पिवळ्या पंख्यासारखी
जमिनीवरून फिरते,
तिच्या कडेलाही पाऊल लागता कामा नये.
मारणं या खेळात सोपं आहे.
गुण मिळतात ते न दिसण्याचे.

आणि लाइट गेली.
देवगडात ती अशीच जाते,
सेव्ह करू न देता.

दारात आये, गाऊनवर टॉवेल, हातात बॅटरी.
"जागोच आसस मां? चल.
केंद्रातलो फ्रीज बंद, जनरेटराक डिझेल नाय,
आणि सकाळी बेचाळीस पोरां येतली."

उतारावरून आम्ही निघालो
बर्फाच्या कारखान्याकडे.
मधे थंड पेटी, एक कडी तिची, एक माझी.
सवयीनं मी गडग्याला धरून चालू लागलो,
टाचा न टेकता.
"चोरासारखो काय चलतस?"

खेळातला पहारेकरी तीस सेकंदांत सगळं विसरतो.
जामसंड्याच्या वळणावरचा कुत्रा
जेटीपर्यंत भुंकत सोबत आला.

यासीन सोलकरनं आकड्यानं लादी ओढली,
बांगड्यांसाठी ठेवलेली.
फोडता फोडता विचारलं,
"पावती कोणाच्या नावान करू?"
आये जरा थांबली. मग म्हणाली,
"गोवराच्या."

केंद्रात मी बॅटरी धरली.
तिनं पेटीत बर्फ रचला, मधे वर्तमानपत्राच्या घड्या.
"बाटलेक बर्फ लागाक नको,
गोठली तरी मेली, तापली तरी मेली."
अंगठ्याएवढ्या बाटल्या.
मोजायच्या नाहीत असं ठरवून मोजल्या.
अकरा.

रजिस्टरात तिनं लिहिलं:
तीन चाळीस. सहा अंश.
आणि बर्फाच्या ओल्या बोटांनी सही,
जी जरा फिसकटली.

साडेपाचला लाइट आली.
पडद्यानं विचारलं, पुढे चालू?
पुढे म्हणजे परत पहिल्यापासून,
जहाज, पिंप, पिवळा पंखा.
बोटं अजून बधिर होती.
बटण दाबलं ते उशिरा लागलं,
पिंप घरंगळलं,
पहारेकरी वळला,
आणि जहाजभर भोंगे.

"आवाज बारीक कर मेल्या,"
आतल्या खोलीतून आये, झोपेतच.