शेअरमागे चार सेंट

टिमिन्स. फेब्रुवारी. उणे एकतीस.
कर्लिंग क्लबच्या माडीवर आम्ही अकरा भागधारक
आणि कॉफीचं एकच भांडं.

रोझेर गँग्रा म्हणतो, विकून टाका.
टोरोंटोवाले दोन डॉलर दहा देतायत,
पुन्हा कोण विचारतंय या बिळाला?

आयली कोर्पेला वेलदोड्याचा पाव कापतेय.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, म्हणते.
शेअरमागे चार सेंट, वर्षातून दोनदा,
माझं विजेचं बिल निघतं त्यात.

निघत नाही, रोझेर म्हणतो.
निघत नाहीच. तिलाही ठाऊक आहे.

मग तासभर निकेलचा भाव,
उरलेला साठा,
नवा मालक पंप बंद करून पाणी भरू देईल का खाली.
कुणी म्हणतं, थांबा, बोली चढेल.
कुणी म्हणतं, एकोणनव्वदलाही
आपण हेच म्हणालो होतो, याच खुर्च्यांवर.

खाली बर्फावरून दगड सरकत येतो,
झाडूवाले ओरडतात,
खुणेच्या वीतभर अलीकडेच थांबतो.

हात वर करा, मी म्हणालो.
विकायला पाच.
ठेवायला, माझा धरून, पाच.
आयलीचा हात सुरीवरच.

तिचे चारशे शेअर म्हणजे एइनोचे;
नाव बदलायचा अर्ज
नऊ वर्षांत तिनं भरलेला नाही.

विकले तर, तिनं विचारलं,
वार्षिक अहवाल यायचा बंद होईल का?
त्याच्या नावानं आता तेवढंच पाकीट येतं.

होईल, रोझेर म्हणाला,
आणि पावाचा तुकडा हातात धरून बसला.

इतिवृत्तात मी लिहिलं:
विषय पुढच्या सभेत.