आज डबा नको

एकच बटण आहे आमच्या ॲपमध्ये.
खरं म्हणजे तीन आहेत,
पण बाकीची दोन कोणी दाबत नाही.
रात्री दहाच्या आत दाबलं
की कुंदाताई मोहोळांच्या यादीत
एका नावापुढे फुली पडते
आणि सकाळी चार पोळ्यांची कणीक कमी भिजते.
एवढंच.
मकरंद याला प्रॉडक्ट म्हणतो.

नवी पेठ. खाली झेरॉक्सचं दुकान,
वर भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं,
भिंतीपलीकडे अभ्यासिका.
तिथे इतकी शांतता असते
की आम्ही भांडतोसुद्धा टाइप करून.

या आठवड्याचं भांडण: आयफोन.

तो लिहितो, बाणेर, बालेवाडी, खराडी.
लिहितो, तिथे डब्याला दीडशे देतात
आणि भाजी कालचीच का, असं विचारत नाहीत.
मी लिहिते, मॅक लागेल.
दरवर्षी शंभरेक डॉलरची दक्षिणा,
आणि सगळं पुन्हा, पहिल्या ओळीपासून.
तो लिहितो, सगळं कुठे.
मी लिहिते, लिहिणार कोण आहे?
मग बराच वेळ त्याचे तीन ठिपके
उमटतात, विझतात.

वहीत मांडून बघितलं.
वापरणारे चारशे बारा.
फोन बदलला म्हणून गेलेले,
म्हणजे आम्हाला सांगून गेलेले, नऊ.
नवांसाठी दुसरं घर बांधायचं?
आई म्हणाली असती, अंथरूण पाहून...
पण आईला मी विचारत नाही.
ती अजून विचारते, तुमच्या ॲपला पेन्शन असते का गं.

पोर्ट करणं म्हणतात याला. पोर्ट म्हणजे बंदर.
आणि आम्ही पुण्यात बसून बंदराच्या गप्पा मारतोय,
जिथे मुठेत होडीपेक्षा
जलपर्णी जास्त लांब जाते.

बुधवारी कुंदाताईंचा आवाज आला, फोडणीच्या मागून:
"अगं, तो परमेश्वर घुले. केजचा.
चार दिवस डबा भरलेलाच परत येतोय.
तुझ्या त्या यंत्रात बघ बरं,
आजारीबिजारी आहे का."

यंत्रात आजार दिसत नाही.
त्याची शेवटची फुली अकरा तारखेची,
पुढे कोरं.
मी फोन लावला.

आजारी नव्हता. पाच प्रयत्न संपले होते त्याचे.
आता खराडीत रात्रपाळी,
दिवसा कॉटवर झोप,
आणि हप्त्यावर घेतलेला, कोणाचा तरी जुना आयफोन.
"तुमचं ॲप यात सापडत नाही, मॅडम."
मग ताईंना सांगायचं ना फोन करून,
मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.
तो गप्प. मागे कोणाचा तरी कुकर.
"पाच वर्षं जेवलोय त्यांच्याकडे.
फोन केला की त्या विचारणार, निकालाचं काय झालं.
बटण विचारत नाही."

मकरंदला हे कसं टाइप करायचं
ते मला सुचलं नाही.
"दहा झाले" एवढंच लिहिलं.
त्याला वाटलं, मी वेळ सांगतेय.
तो पाठीला सॅक लावून निघाला.

तेव्हापासून रोज पावणेदहाला
खराडीहून एक शब्द येतो: नको. किंवा: हवा.
आणि त्याची फुली मी इथून मारते, हाताने.
सध्या परमेश्वर घुलेसाठी
नवा प्लॅटफॉर्म मीच आहे.
हे किती दिवस चालेल माहीत नाही.
मला सुद्धा एखाद्या रात्री
नऊलाच झोप येते.

काल मकरंदने मेव्हण्याचा जुना मॅक आणलाय.
कोपऱ्याला चीर, एक की निखळलेली.
मी हो म्हटलेलं नाही.
टेबलावर मिटूनच ठेवलाय,
वर झेरॉक्सवाल्याचं बिल.

चार्जर मात्र लावलाय.