गणपूर्ती

न्जोरोला उतरलो तेव्हा अंगात एकच शर्ट होता,
लोडवारच्या उन्हासाठी शिवलेला.
इथे थंडीला कुणी थंडी म्हणत नव्हतं,
नुसते स्वेटर घालून हिंडत होते सगळे.

पहिल्या आठवड्यात मैदानभर टेबलं लागली.
वादविवाद, रग्बी, रक्तदान, प्रार्थना,
शिवाय ज्याच्या त्याच्या जिल्ह्याची संघटना.
आमच्या तुर्कानांच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, कुणाचा तू?
मी बापाचं नाव सांगितलं.
ते कुठे ठेवावं, त्याला कळेना.
मी प्रत्येक टेबलावरचं एकेक बिस्किट खाल्लं
आणि सही कुठेच केली नाही.

मंगळवारी झेरॉक्सच्या रांगेत उभा होतो.
शेजारच्या दारातून एका मुलीनं डोकं बाहेर काढलं:
"ए, पाच मिनिटं मोकळा आहेस?"
ती जेरोप. पक्षी मंडळाची अध्यक्ष.
घटनेचं कलम सात, पाच डोकी असल्याशिवाय ठराव नाही.
आत चार होती.
"बोलू नकोस. फक्त बस.
मी बघितलं तुझ्याकडे की हात वर कर."

वंजालानं जमाखर्च वाचला.
शिल्लक सहाशे वीस शिलिंग,
दुर्बिणी दोन, पैकी एकीत बुरशी.
मी हात वर केला.
माझ्या हातानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मंजूर झालं,
काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही.
मग हबिबानं माझं अक्षर बघितलं
आणि मी चिटणीस झालो.
विचारलं कुणीच नाही.

शनिवारी, पहाटे साडेपाच.
वसतिगृहांच्या मागे सांडपाण्याची तळी.
मी म्हटलं, इथे?
वंजाला म्हणाला, पाखरांना वास येत नाही.
हबिबा म्हणाली, येतो.
भांडण अर्धा तास चाललं
आणि त्या भांडणातच कधीतरी उजाडलं.

गुलाबी काटक्यांवर पांढरे-काळे शेकाटे,
पाण्यात उलटे, वर सुलटे.
"मोज," जेरोप म्हणाली.
मी एक्केचाळीस म्हटलं, वंजाला अडतीस.
पुन्हा मोजले. उडाले. बसले. पुन्हा मोजले.

शेळ्या आम्ही कधी मोजल्या नाहीत.
संध्याकाळी कळप कुंपणात येतो
आणि एखादा रंग कमी वाटतो, एवढंच.
मग बाप काठी उचलतो, निघतो.
हे मी त्यांना सांगितलं.
इतकी वाक्यं सलग बोलून मला महिना झाला होता.
गथोनीनं मांदाझी अर्धी मोडून दिली,
हबिबानं पुढच्या शनिवारी भावाचा स्वेटर आणला.
बाह्या आखूड. चालतंय.

ऑक्टोबरात ताप आला.
आठ खाटांच्या खोलीत सात जण तासाला जात-येत राहिले,
मी भिंतीवरच्या ओलीचे नकाशे वाचत पडलो.
वाटलं, इथून उठलोच नाही
तर खाट रिकामी झाली एवढंच कळेल कुणाला तरी,
आणि तेही नवा मुलगा गादी घेऊन आल्यावर.

बरा झालो. वही मागितली.
मधलं एक पान गथोनीच्या तिरक्या अक्षरात,
कोपऱ्यात चहाचं गोल.

"उपस्थित: चार.
गैरहजर: एकिरू, ताप.
शेकाटे: चव्वेचाळीस की सत्तेचाळीस, एकमत नाही.
गणपूर्ती नसल्यामुळे आकडा मंजूर करता येत नाही.
तो आल्यावर पुन्हा मोजणे."

गैरहजर.
किती वेळ त्या शब्दावर बोट ठेवून बसलो होतो.
गैरहजर असायला आधी कुठेतरी असावं लागतं.

पानावरची तारीख चुकली होती.
तेवढी मी दुरुस्त केली.