भागाकार

मुयनाकच्या शाळेत खडू पुरतो, पाणी पुरत नाही.
फळा मी कोरड्या फडक्यानं पुसते.
खिडकीवर मीठ साचतं, तेही कोरड्यानंच.
मंगळवारी टँकर आला तर चहा.

सहावीचा तास. विषय: ग्रह.
मी सांगत होते, शनीची कडी म्हणजे
धूळ थोडी, बाकी सगळं बर्फ,
कुठे साखरेच्या कणाएवढं, कुठे या शाळेएवढं,
पण पाणीच,
आपल्या बादलीत असतं तसंच.

मागच्या बाकावरून अयसानेम: "किती?"

तिच्या घरात हा एकच प्रश्न विचारतात.
किती लिटर, किती दिवस, किती जण.

मग मांडला भागाकार.
वर कड्यांचं पाणी, घन किलोमीटरमध्ये,
खाली आपला समुद्र,
आईच्या लग्नात होता तेवढा,
बोटीतून वरात आली तेव्हाचा.
शून्यावर शून्य खोडत गेलो सगळे.
उत्तर आलं: चौदा हजार.
चौदा हजार समुद्र
आणि वर थोडी बाकी.

वर्गात कोणी हललं नाही.
पोलात बाहेर बघत होता.
नद्या कापसाकडे वळवल्या त्या सालापासून
बोटी वाळूतच उभ्या आहेत,
त्यातली एक त्याच्या आजोबांची, ओतेगेन कप्तानाची;
दुपारी तिच्या सावलीत गाई रवंथ करतात.
"चौदा हजारांत मासे किती?"
"एकही नाही."
"मग तो समुद्र नाही," म्हणाला,
आणि वहीत मान घातली.

घंटेला अजून वेळ होता
म्हणून उरलेलंही सांगून बसले:
ती कडी गळतायत.
त्यांचं पाणी शनीवर पडतं, बारीक, न थांबता,
आणि एक दिवस,
आपल्या कुणाच्याच हिशेबात न बसणारा दिवस,
कडी नसतील.

सांगायला नको होतं.
या गावात मुलांना
आटणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

अयसानेमनं हात वर केला नाही, सरळ उभी राहिली.
"बाई, तिथे कालवा कोणी काढला?"

कोणी नाही, म्हटलं.
आपोआप होतं ते.

तिला ते पटलं नाही.
बसली, पण पटलं नाही.

कोरड्या फडक्यानं आकडे नीट जात नाहीत.
दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला
चौदा हजार
फळ्यावर पुसट दिसत होते.