उपडा कप

या जागेचं नाव चूक.
विमानातल्या नकाशावर वाचलं आणि एकटीच हसले.
किलियोनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
आमच्यात त्याचा अर्थ डोंगर.
डोंगर. आणि भोवती नजर पोचेल तिथवर पाणी.

बोटीवर सकाळ होते ती सिलिंडरांच्या खणखणाटानं.
ओले सूट कठड्यावर लोंबत असतात,
रात्रीत कुणी माणसं सोलून ठेवल्यासारखे.
मी वाकलेली असते कॅमेऱ्याच्या डब्यावर, सुईणीसारखी:
रबरी कड्यात एक केस जरी अडकला
तरी समुद्र आत येतो, विचारत नाही.

तेहतीस मीटर.
लाल सगळ्यात आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा,
थोरलीपासून क्रमानं सासरी गेलेल्या लेकींसारखे.
मागे निळा राहतो, घर धरून बसलेला बाप.
माझा फ्लॅश पडला की क्षणभर सगळ्या माहेरी येतात:
तोफेच्या नळीवरचं मऊ प्रवाळ शेंदरी होतं,
गंजाला हळदीचा रंग चढतो,
शिडीत राहणारा मासा डोळे मिटू शकत नाही म्हणून
तसाच बघत राहतो.

जपान्यांचं मालवाहू जहाज.
दोन दिवसांच्या बॉम्बवर्षावात बसलं ते बसलंच.
किलियोन आमच्याआधी उतरतो,
पाहुणे यायच्या आत पानं मांडावीत
तशा डेकवर चिनी मातीच्या बशा मांडतो,
औषधाच्या दोन बाटल्या, एक बूट,
वायूपासून वाचवणारा एक मुखवटा, ज्यात आता कोळंबी राहते.
फोटोत सगळं नुकतंच सापडल्यासारखं दिसावं लागतं.
शेवटी कप. उपडा.
मी तो सुलटा केला.
त्यानं परत उपडा केला.
मी परत सुलटा.
खाली भांडता येत नाही. नुसते बुडबुडे,
त्याचे शांत, माझे हवा संपवणारे.

रात्री एर्मिता कुटलेला निरफणस पानावर वाढत होती.
मी विचारलं. किलियोननं आधी जेवण संपवलं.
मग म्हणाला, माझा बाप तोसिवो
तोंडात कॉम्प्रेसरची नळी धरून याच जहाजावर यायचा.
जुन्या गोळ्यांतली दारू खरवडायचा, बाटलीत भरायचा,
वात लावून प्रवाळावर फेकायचा.
मासे पोटं वर करून यायचे, पांढरे, पसाभर नाही, होडीभर.
आम्ही सहा भावंडं त्यावर वाढलो.
प्रवाळ वाढलं नाही.
एकदा वात आखूड निघाली.

उजवा हात समुद्रानं नेला, असं बाप सांगायचा.
समुद्र कशाला नेईल?
त्यानंतर चहा संपला की कप उपडा ठेवायचा,
कुणी पुन्हा भरू नये म्हणून.
डाव्या हातानं सांडायचा, आणि सांडलेलं
माझ्या आईनं पुसलेलं त्याला बघवत नसे.
एवढंच, म्हणाला. दुसरं काही नाही.
आणि उद्या पाणी गढूळ असेल, लवकर उठा.

सातव्या दिवशी सगळ्यांचे फोटो मोठ्या पडद्यावर.
सहाशे बारांतला माझा एक लोकांनी थांबवून ठेवला:
उपडा कप, त्यावर काचेसारखी पारदर्शक पिल्लं,
आणि डाव्या कोपऱ्यात, धूसर, मागे सरकता सरकता
सापडलेला किलियोनचा हात. पाचही बोटं.

वोल्फहार्ट म्हणाला, छान आहे गं,
फक्त तो हात काप.
दोघं-तिघं म्हणाले, हो, हात काप,
हात कापलास की चौकट नीट बसेल.

दारात किलियोन टॉवेलांची चळत घेऊन उभा होता.
त्यानं ते मोजले. परत मोजले.

मी लॅपटॉप मिटला. बॅटरी संपतेय, म्हणाले;
संपत नव्हती.

मागच्या बाजूला एर्मिता भांडी धुवायला समुद्राचं पाणी काढत होती.
जहाजातून अजून तेल सुटतं,
थेंब थेंब, एवढी वर्षं,
वर येऊन पसरतं आणि रंगीत होतं.
तिनं बादलीच्या बुडानं ते रंग बाजूला सारले,
पुन्हा जवळ यायच्या आत
पटकन बुडवली.